सांगलीतल्या शंख-शिंपल्यांच्या दोन खोल्या: मुलांना घेऊन गेले त्याबद्दल

कृष्णाकाठची

मे महिन्यात पोरांना कुठं न्यायचं हा प्रश्न आमच्याकडं दरवर्षी उभा असतो. गणपती मंदिर झालं, आमराई झाली, हरिपूरचा संगम तर दर रविवारी. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की गावभागात एका आजोबांनी घरातच शंख-शिंपल्यांचं संग्रहालय मांडलंय, आधी फोन करून गेलं की दाखवतात. नाव-पत्ता इथं देत नाही. वय झालंय, दारात गर्दी झेपत नाही, म्हणून त्यांनीच तशी विनंती केलीय.

लेक नऊ वर्षांची, भाचा सहाचा. जिना चढून वर गेलो तर दोन खोल्या, भिंतीला काचेच्या दारांची कपाटं, मधे जुनं जेवणाचं टेबल आणि त्यावर तीन स्टीलची ताटं. "ताटात आहे त्याला हात लावायचा, काचेमागं आहे त्याला नाही." नियम एवढा एकच. तिकीट नाही, आणि दोन तासांत त्यांनी एकदाही "चला, पुढं" म्हटलं नाही.

आजोबांची नोकरी बदलीची. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशी तीसेक वर्षं समुद्राकाठी गेली. रविवारी ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर चालायचं आणि रिकामं सापडेल तेच उचलायचं. जिवंत जनावर असलेला शंख कधी उचलला नाही, हे त्यांनी पोरांना दोनदा सांगितलं.

भाच्यानं पहिल्याच ताटातला शंख उचलला, आत बोट घालून बघितलं आणि विचारलं, "ह्यातला राहणारा कुठं गेला?"

हा प्रश्न ऐकून आजोबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हणाले, "घर म्हणजे काय, सोडून जाता येतं. हे तसं नाही बाळा. ही त्याच्या अंगाचीच वस्तू, तुझ्या नखासारखी. तो मेला, मऊ भाग गेला, हे राहिलं." मग रिकाम्या शंखात शिरून राहणारा खेकडा वेगळा, तो खरा भाडेकरू, हे सांगितलं. माझ्या डोक्यातही इतकी वर्षं 'गोगलगाय घर पाठीवर घेऊन फिरते' एवढंच होतं.

पुढं त्यांनी भिंग दिलं आणि शंखाचं टोक बघायला लावलं. टोक म्हणजे त्या जनावराचं बाळपण. अंड्यातून आलं तेव्हा त्याचा शंख तेवढाच होता. नंतर तोंडाच्या कडेला नवा थर घालत घालत वेढे मोठे होत गेले, म्हणून सगळ्यात जुना भाग टोकाला आणि सगळ्यात नवा तोंडाशी. लेकीनं भिंगाखाली वेढे मोजले. सहा झाले. सातवा टोकाशी इतका बारीक होता की भिंग मागंपुढं करून सापडवला, आणि सापडल्यावर ती कुजबुजत म्हणाली, "हा पहिलीतला."

कानाला शंख लावून समुद्र ऐकायचा कार्यक्रम झालाच. भाचा म्हणाला, येतोय आवाज. आजोबांनी आत जाऊन रिकामा तांब्या आणला आणि तो कानाला लावायला दिला. तोच आवाज! खोलीतले आपल्या लक्षात न येणारे बारीक आवाज त्या पोकळीत घुमतात. मला वाटलं पोराचा हिरमोड होईल. त्यानं घरी येऊन वाटी, पातेलं, पाण्याची बाटली, सगळं कानाला लावून बघितलं.

आता ज्यासाठी हा धागा काढलाय ते.

खिडकीखाली एक मोठं खोकं होतं, शंख-शिंपल्यांनी भरलेलं. लेकीनं विचारलं, हे कपाटात का नाहीत? आजोबा म्हणाले, "ह्यांचा गाव हरवलाय." २०१९ च्या महापुरात हे सगळं तळमजल्यावर होतं. आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागल्यावर वरच्या फळ्यांवरचं उचलता आलं, खालचे ड्रॉवर राहिले. शंखांना पाण्यानं काय होणार? पण प्रत्येकाखाली ठेवलेली चिठ्ठी, कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या तारखेला मिळाला ती, शाईची होती. सगळी धुऊन गेली. नोंदींची वही मात्र माडीवर असल्यानं वाचली. म्हणजे वही आहे, शंख आहेत, आणि कुठली नोंद कुठल्या शंखाची हे सांगणारं मधलं काहीच नाही.

"चिठ्ठी नसलेला शंख शोभेचा," असं ते म्हणाले. आवाज बदलला होता त्यांचा.

माझ्या लेकीकडं गेल्या दिवाळीत गणपतीपुळ्याला वेचलेल्या शिंपल्यांची बरणी आहे, ती तिनं दाखवायला नेली होती. आजोबांनी एकेक बघितला आणि विचारलं, "कुठं? कधी? देवळासमोर की पुढं मालगुंडच्या बाजूला?" तिला आठवत होतं. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून बरणीत घातली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या खोक्यासाठी काही करता येईल का? आणि काही शंखांवर पांढरी भुकटी आल्यासारखी दिसते, ती पुसली की परत येते. ते काय असेल?

मिरजेहून

फार छान लिहिलंय. आमचा चार वर्षांचा आहे. इतक्या लहान मुलाला न्यावं का?

कृष्णाकाठची

मिरजेहून, न्या, पण ताटांपाशीच बसवा आणि अर्ध्या तासात निघा. माझा भाचा सहाचा, तोही काचेच्या कपाटांपुढं कंटाळला. हातात शंख आला की परत गुंतायचा. आणि दोनच मुलं न्या. तिसरं आलं की ती शंख सोडून एकमेकांतच रमतात.

तळकोकणी

वाचून घरची आठवण आली. आम्ही वेंगुर्ल्याचे, आता नोकरीमुळं सांगलीत विश्रामबागला. आमच्याकडं तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं, शिनाणे हे सगळं आधी ताटातलं, मग शंख-शिंपले. आई तिसऱ्यांची एक शिंप टाकून एक ठेवायची, मासासकट, कालवणात. कालवं तर ओहोटीला खडकावर बसून बायका लोखंडी हत्यारानं फोडून काढतात, बोटं कापून निघतात. ते कवच एवढं धारदार असतं.

किनाऱ्यावर मुलांना नेणार असाल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास जा. तेव्हा उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब हटतं, वेचायला भरपूर उघडं पडतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. आणि किनाऱ्यावर जाताना पाण्याकडं पाठ करून वेचत बसू देऊ नका.

एक महत्त्वाचं. आइस्क्रीमच्या कोनासारखा, सुंदर नक्षीचा शंख पाण्यात किंवा ओल्या वाळूत दिसला तर मुलांनी उचलायचा नाही. कोन शंखाचं जनावर जिवंत असेल तर विषारी काटा मारतं. त्यांच्यातल्या एका जातीच्या दंशानं माणसं दगावलेली आहेत.

रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. आंबा घाट उतरून जाणार असाल तर मुलांना तिथं न्याच. आजोबांकडं बघितलेलं तिथं परत ओळखीचं वाटेल.

साताऱ्याची_बाई

मी साताऱ्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. 'पहिलीतला वेढा' वर्गात सांगणार आहे, चालेल ना?

कवडीबद्दल थोडं. मुलांना नेहमी प्रश्न पडतो की सगळ्या शंखांवर रेघा, खरखरीतपणा, आणि कवडी मात्र काचेसारखी गुळगुळीत कशी. कवडीचं जनावर आपल्या अंगाची मऊ पाळ दोन्ही बाजूंनी बाहेर काढून पाठीवर पांघरतं आणि बाहेरूनही थर चढवत राहतं. म्हणून ती चकाकी जन्मजात, कुणी पॉलिश केलेली नसते. पिल्लू कवडी साध्या शंखासारखी दिसते, पातळ ओठाची, वेढे दिसणारी. वाढ पूर्ण झाली की ओठ आत वळतो, जाड होतो आणि त्यावर ते दात उमटतात. त्यामुळं कवडीच्या बाबतीत 'टोकाकडं बाळपण' हे बाहेरून दिसत नाही, आत झाकलेलं असतं. आजोबांकडं एखादी फुटकी कवडी असेल तर तिच्यात दिसेल.

दुसरं, उजव्या-डाव्या शंखाचं. पूजेतला शंख हा एका ठरावीक जातीचा, आपल्याकडं मुख्यतः तमिळनाडूकडच्या समुद्रातून येतो. बंगाली बायकांच्या शांखा बांगड्याही त्याच्याच. टोक वर धरून तोंड आपल्याकडं केलं की जवळजवळ सगळ्यांचं तोंड उजव्या हाताला येतं, आणि शास्त्रात त्याला उजवा म्हणतात. पूजेत मात्र शंख उलटा, टोक खाली धरून बघतात, म्हणून तोच वामावर्ती ठरतो. दक्षिणावर्ती म्हणजे शास्त्राच्या भाषेत डावा, आणि तो या जातीत फार दुर्मीळ. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून हजारोंना विकले जाणारे पुष्कळसे शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच जातीचे असतात. ती जात मुळातच डावी. आमच्या ओळखीच्या एका घरात असा घेतलेला आहे, आजी रोज श्रद्धेनं पूजा करतात. त्यांना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नवीन घेणाऱ्यांनी मात्र बघून घ्या.

आणि कृपया, किनाऱ्यावरच्या स्टॉलवरून मोठे देखणे शंख मुलांना घेऊन देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या काही जाती घातल्या गेल्या. नॉटिलस, मोठा ट्रायटन, शिंगं असलेला हेल्मेट शंख, राक्षसी शिंपल्याच्या जाती त्यात आहेत. त्या वाहून आलेल्या नसतात, बहुतेक वेळा जिवंत काढून, उकळून साफ केलेल्या असतात.

कृष्णाकाठची

बाई, वर्गात जरूर सांगा. आजोबांकडं नॉटिलसचा उभा कापलेला अर्धा शंख आहे, चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी भेट दिलेला. त्यातले कप्पे पोरांनी मोजले, आणि जनावर फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात राहतं, मागचे पाणबुडीसारखे तरंगायला वापरतं, हे ऐकून भाचा हरखून गेला. जुन्या वस्तूबद्दल कायदा काय म्हणतो?

साताऱ्याची_बाई

त्यांनी वनविभागाकडं एकदा लेखी विचारून ठेवावं. विकू नये, कुणाला देऊ नये. एवढं पाळलं तर निदान नव्यानं काही बिघडत नाही.

माळेतली_कवडी

कवडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरी तुळजाभवानीची परडी आहे. आजीच्या गळ्यातली कवड्यांची माळ आता माझ्याकडं. जोगवा मागायला ती ज्या पाच घरी जायची ती घरं अजून आठवतात. लहानपणी मला वाटायचं की ह्या कवड्या तुळजापूरलाच कुठंतरी मिळत असणार. तिथं तर समुद्रच नाही! या पैसाकवड्या मालदीवच्या बेटांवरून जहाजं भरभरून बंगालात यायच्या आणि चलन म्हणून चालायच्या. कवडीमोल आणि कवडीचुंबक हे शब्द तिथूनच आलेले. माळ भिंगाखाली धरून बघितली. पन्नास वर्षं अंगावर वापरून प्रत्येक कवडीची पाठ एकाच बाजूनं झिजलीय, आजी ज्या कुशीवर झोपायची त्या बाजूनं. मी आजोबांकडं ती माळ घेऊन जाईन. द्यायला नाही, दाखवायला.

शाळेतली_सहल

माझा अनुभव वेगळा म्हणून सांगते. मुलाच्या शाळेनं दुसऱ्या एका शहरातल्या अशाच खाजगी संग्रहालयात सहल नेली होती. साठ मुलं, वीस मिनिटं, हाताची घडी तोंडावर बोट. घरी आल्यावर विचारलं काय बघितलं, तर म्हणाला "कपाटं". त्याला तेव्हापासून संग्रहालय म्हटलं की नको असतं. वर वाचून वाटलं, एकदा त्याला एकट्याला न्यावं.

कृष्णाकाठची

न्या की. मी फोन नंबर विपूत (वैयक्तिक निरोपात) देते. आजोबांना आधी विचारते.

हरिपूरकर

समुद्र लांब म्हणून पोरांनी वाट बघायला नको. कृष्णेत शिंपले आहेत. मे महिन्यात पाणी उतरलं की संगमाच्या वाळूत, गाळात रिकाम्या शिंपा सापडतात. बाहेरून काळपट-हिरवट, आतून मोत्यासारख्या चमकदार. ह्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही दिवस राहतं, मग सुटून तळाशी पडतं आणि तिथं वाढतं. मासे गेले तर शिंपलेही जाणार. आमच्या लहानपणी पायाला बोचायचे इतके असायचे. आता शोधावे लागतात. हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

जुनी_कपाटं

मी वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम केलंय. पांढऱ्या भुकटीबद्दल सांगतो, कारण ते थांबवता येतं.

ती बुरशी नाही. शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, पानाला लावायचा चुना ज्यापासून करतात तेच. लिंबाचा थेंब फुटक्या शिंपल्यावर टाकून बघा, फसफसेल. आता लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून आंबट वाफा हळूहळू सुटत असतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. बंद कपाट, त्यात पुरानंतरची ओल. त्या वाफा शंखाच्या पृष्ठभागावर काम करतात आणि क्षार भुकटीसारखे वर येतात. पुसून जात नाही, कारण मूळ कपाटातच असतं. ह्याला बाईनचा रोग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाईन नावाच्या इंग्रज संग्राहकाला वाटलं की हे जंतूंमुळं होतं, म्हणून रोग. जंतूंचा संबंध नाही, नाव तेवढं राहिलं.

करायचं असं: भुकटी आलेले शंख वेगळे काढा. साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदला, मऊ ब्रशनं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, अगदी आतपर्यंत. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ॲसिड काही लावायचं नाही, चकाकी येईल असं कुणी सांगितलं तरी. परत त्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. काचेच्या बरण्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या डब्या वापरा. कापसावर ठेवत असतील तर कापूस काढा, तो ओल धरतो.

चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहा. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल राहते. चिठ्ठी शंखाच्या डबीतच, फळीला चिकटवलेली नको. आणि प्रत्येक शंखावर, आतल्या ओठाजवळ दिसणार नाही असा, बारीक नंबर काळ्या इंडिया इंकनं घाला (ही शाई वाळली की पाण्यानं जात नाही), तोच वहीत. चिठ्ठी गेली तरी नंबर जात नाही.

खोक्याबद्दल: वहीत नोंदी कशा आहेत? त्यात लांबी लिहिलीय का? असेल तर जुळवता येईल.

कृष्णाकाठची

आजोबांना फोन केला. लांबी आहे! मिलिमीटरमध्ये. काही ठिकाणी 'टोक तुटलेलं', 'ओठाला खाच' असंही लिहिलंय. म्हणाले, "मला आता ती बारीक पट्टी वाचता येत नाही, म्हणून कधी केलं नाही."

रविवारी जातो आम्ही.

जुनी_कपाटं

व्हर्नियर कॅलिपर असेल तर न्या, शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. एकाच मापाचे दोन निघाले तर ठरवून टाकू नका. दोन्ही बाजूला ठेवा. चुकीच्या चिठ्ठीपेक्षा कोरा बरा.

कृष्णाकाठची

आत्ताच घरी आलो. लिहिते, नाहीतर बारकावे विसरेन.

शेजारच्या दादानं त्याच्या कॉलेजातून कॅलिपर आणून दिला. लेक मोजायची, भाचा आकडा मोठ्यानं सांगायचा, आजोबा वहीत बोट फिरवायचे. पहिला तासभर एकही जमला नाही. लेक रडवेली झाली. मग भाच्यानं खोक्यातून एक लांबट शंख काढला, टोक तुटलेला, एकसष्ट मिलिमीटर. आजोबांनी वहीची तीन पानं मागं उलटली, थांबले, आणि वाचलं, "एकसष्ट. टोक तुटलेलं. वेळणेश्वर." पुढं तारीख होती, १९८७ सालची. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, त्या दिवशी त्यांच्या सोबत त्यांच्या पत्नी होत्या, हा त्यांनीच उचलला होता. आम्ही कुणी काही बोललो नाही. भाचा तेवढा पुढचा शंख शोधत होता.

संध्याकाळपर्यंत अकरा जुळले. चार जोड्या एकाच मापाच्या निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. भुकटी आलेले सगळे पाण्यात बुडवून आलोय. चिठ्ठ्या लेकीनं पेन्सिलीनं लिहिल्या, अक्षर गोल काढून. हरिपूरकर, तुमच्या सांगण्यावरून आम्ही सकाळी संगमावर जाऊन आलो होतो. एक शिंप मिळाली, आजोबांना दिली. त्यांच्याकडं कृष्णेतलं काहीच नव्हतं. ती वहीत नव्या पानावर गेली, नंबरासकट. चिठ्ठी अशी आहे:

"शिंपला, अर्धा. हरिपूर, संगमापाशी, ओल्या वाळूत. रिकामा सापडला. बाहेरून काळा, आतून चमकतो. लांबी ७४ मिमी."

खाली तारीख आणि तिचं नाव. आजोबांनी सांगितलं, वेचणाऱ्याचं नाव लागतंच.

हरिपूरकर

पुढच्या रविवारी मी पण येऊ का? मोजायला जमेल. पेन्सिली आणतो.

कृष्णाकाठची

या. दहा वाजता. मोजायला दोनच माणसं एका वेळी, म्हणून तुम्ही आलात तर मी भाच्याला घेऊन खाली कट्ट्यावर थांबते.